ती घात आणि तो घात

रंगनाथ सरांनी वही मिटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि शालनबाईंकडे बघत शांतपणे म्हणाले, "आपण पुन्हा 'दोनची तिसरी घात' असं लिहिलंय. घात पुल्लिंगी आहे. दोनचा तिसरा घात. आपल्याला तो बाई वाटतो का?"

वर्गात हसू पसरलं. शालनबाईही हसल्या, पण जरा ओशाळून. चूक त्यांना कळत होती, पण हाताला कळत नव्हती.

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दुपारची ही शाळा भरते. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या बायकांसाठी. कुणी चार घरचा स्वयंपाक उरकून येते, कुणी शिवणाचं मशीन झाकून. शालन घुले मांजरीहून यायच्या. आधी हडपसर, तिथून दुसऱ्या बसने स्वारगेट, आणि पुढे टिळक रस्त्याने चालत. वर पोचेपर्यंत पदराला घाम टिपून टिपून ओल आलेली असायची. उशीर झाला की रंगनाथ सर म्हणायचे, "बसचं वेळापत्रक आपल्याला विचारून करत नाहीत, हे पुण्याचं दुर्दैव." एवढं बोलून ते फळ्याकडे वळायचे आणि त्या आल्या नव्हत्या तेव्हा शिकवलेलं सगळं, कुणी न सांगता, पहिल्यापासून पुन्हा शिकवायचे. मुलांच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. नारायण पेठेतून चालत यायचे, कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि परत जाताना त्या शर्टावर खडूच्या भुकटीचा एक पट्टा असायचाच.

आता 'ती घात' कुठून आली, ते सांगायला हवं. शहरातल्या माणसाला घात ठाऊक असतो तो एकच, कुणीतरी कुणाचा केलेला. गणितातला घात दुसरा. दोन हा अंक तीनदा मांडून गुणला, की तो दोनचा तिसरा घात. खाली असतो तो दोन म्हणजे पाया, आणि त्याच्या डोक्यावर बसलेला बारीक तीन म्हणजे घातांक. पण शालनबाई ज्या रानात वाढल्या, तिथे घात ही तिसरीच गोष्ट होती आणि ती बाईमाणूस होती. पाऊस उघडल्यावर जमीन वाळत वाळत अशा ठिकाणी येते की ओल धड जास्त नाही, धड कमी नाही. ढेकूळ मुठीत दाबलं की मोकळं होतं. पेरणीची ती नेमकी वेळ म्हणजे घात. घात आली, घात साधली, घात गेली, असंच सगळे बोलायचे. ती फार थांबत नाही. गेली की रान टणक होतं आणि माणूस बांधावर बसून राहतो.

शालन आठवीत होती तेव्हा परतीचा पाऊस उघडला आणि एका सकाळी वडील म्हणाले, आज घात हाय, शाळेला जाऊ नको. हरभऱ्याची पेरणी होती. पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या नरसाळ्यावर, मूठ धरून बी सोडायला घरात तिच्याइतका सारखा हात कुणाचा नव्हता. पेरणी आटपून ती शाळेत गेली तर फळ्यावर नवा धडा निम्मा होऊन गेलेला. बाईंनी विचारलं, इतके दिवस कुठे होतीस? ती म्हणाली, "घात होती, बाई." सगळा वर्ग खो खो हसला, कारण फळ्यावर ठळक अक्षरांत धड्याचं नाव होतं, 'घातांक'. बाईंना वाटलं पोरगी चेष्टा करते. त्यांनी तिला उभं केलं. धड्याचा उरलेला भाग तिने उभ्यानेच ऐकला आणि त्यातलं काही कळलं नाही. पुढच्या वर्षी शाळा सुटली, लग्न झालं. मांजरीतल्याच घुल्यांच्या घरात ती आली. घर मोठं होतं, भोवती ऊस होता, आणि मग पुष्कळ वर्षं इतर कामांत गेली.

आता त्या उसाच्या बऱ्याचशा जागेवर उंच सोसायट्या उभ्या आहेत. घुल्यांकडे मागच्या बाजूला तीसेक गुंठे रान उरलंय आणि संपतराव, म्हणजे शालनबाईंचे यजमान, ते हट्टाने कसतात. मुलगा तेजस मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. सून वैष्णवी त्याच कंपनीतली, मूळची यवतमाळची. शालनबाईंनी दहावी करायचं काढलं तेव्हा संपतराव म्हणाले होते, आता कशापायी, नोकरी करायची हाय का? त्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की धडा निम्मा राहिलाय. संपतरावांना ते पटलं की नाही, कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वतः चहा करून घेऊन ते रानात गेले, त्यावरून शालनबाईंनी होकार समजून घेतला.

पहिल्या वर्षी सरांनी त्यांचा दहावीचा फॉर्म भरू दिला नाही. सरांची अट साधी होती. गणपतीच्या आधी ते घातांकावर एक चाचणी घ्यायचे. तीत जिला राशी सोप्या करता आल्या तिचा फॉर्म, जिला नाही तिने पुढच्या वर्षी यायचं. "घातांकात जिचा पाय अडकला," ते म्हणायचे, "तिला मी बीजगणिताच्या विहिरीत ढकलणार नाही." शालनबाईंचा पाय चांगलाच अडकला होता.

आणि यंदा पुढचं वर्ष हा पर्यायच नव्हता. वैष्णवीला दिवस होते. दिवाळीनंतर ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यवतमाळला जाणार, आणि बाळ घेऊन परत येणार ती उन्हाळ्याच्या तोंडावर. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे मधे घर रिकामं, हात मोकळे. कुणी त्यांना अडवलं नसतं, पण शालनबाई स्वतःला ओळखून होत्या. नातवंड एकदा मांडीवर आलं की टिळक रस्त्याकडे पाय वळणार नाहीत. यंदा नाही तर नाहीच. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. एकदाच, कणीक मळताना, वैष्णवीला म्हणाल्या, "औंदाच घात हाय बघ." वैष्णवी कानात ते यंत्र घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिने मान डोलावली.

शिकवायचं काम वैष्णवीच करायची. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी ती पाय लांब करून झोपाळ्यावर बसायची आणि सासू समोर पाटावर. शालनबाईंच्या दोन चुका पक्क्या होत्या. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात, असं आलं की त्या डोक्यावरचे तीन आणि चार गुणून बारा करायच्या. मधे गुणाकाराचं चिन्ह आहे, मग बेरीज कशी करायची?

"आई, बेस सेम आहे ना," वैष्णवी म्हणायची, "मग पॉवर्स ॲड करायच्या. तीन वेळा टू, मग आणखी चार वेळा टू. टोटल किती वेळा?"

"सात."

"मग?"

"सात," म्हणून शालनबाई सात लिहायच्या आणि पुढच्याच गणितात पुन्हा गुणायच्या.

दुसरी चूक शून्याची. शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक असतो. शालनबाई शून्य लिहायच्या. सर म्हणायचे, आपला शून्यावर भलताच जीव आहे. वैष्णवीने भागाकार करून दाखवला. पाचचा तिसरा घात भागिले पाचचा तिसरा घात, वर-खाली तेच, म्हणून उत्तर एक. आणि नियमाने डोक्यावरचे अंक वजा केले तर तीनातून तीन गेले, शून्य. म्हणजे पाचचा शून्यावा घात एक. शालनबाईंनी सगळं मान्य केलं. सिद्ध झालंय हे दिसत होतं. पण सिद्ध झालेली गोष्ट खरी वाटायला हवी ना. "शून्य वेळा म्हंजे घेतलंच न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "न घेतल्याचं एक कसं काय व्हतं पोरी?" वैष्णवीने इंजिनीअरिंग केलेलं होतं, पण असं तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आई, ते तसंच असतं.

चाचणी दोन दिवसांवर आली तेव्हा श्रावणातली उघडीप होती आणि संपतरावांची उसाच्या लागणीची गडबड. ओसरीवर उसाच्या मोळ्या पडल्या होत्या आणि ते कोयत्याने बेणं तोडत बसले होते. बेणं म्हणजे लावायचे उसाचे तुकडे. प्रत्येक तुकड्यावर डोळा राखून तोडायचं, त्या डोळ्यातून नवा ऊस फुटतो. शालनबाई शेजारी बसून तुकडे रचत होत्या. मनात घातांक चालूच होते. झोपाळ्यावर वैष्णवी चिंच खात होती.

संपतरावांना बेणं हातात आलं की वडिलांची, म्हणजे अण्णांची, गोष्ट आठवायची. घरात सगळ्यांना ती पाठ होती, वैष्णवीलाही एव्हाना झाली होती. अण्णांनी नव्या वाणाचं बेणं आणलं, ते एक गुंठा लावण्यापुरतं. एक गुंठ्याचा ऊस वाढला की त्याच्या बेण्यात दहा गुंठे लागतात. "पहिल्या साली धा गुंठे," संपतराव तोडता तोडता सांगत होते. "दुसऱ्या साली शंबर. म्हंजे अडीच एकर झालं. तिसऱ्या साली हजार गुंठे, पंचवीस एकर. आपल्या रानात मावंना, मग भावकीला वाटलं."

शालनबाईंचा हात थांबला. ही गोष्ट त्यांनी लग्नापासून ऐकली होती, पण आज तिच्या डोक्यावर बारीक अंक बसलेले त्यांना दिसले. पाया दहा. पहिलं साल, दुसरं साल, तिसरं साल.

"दोन सालं आपल्या रानात वाढवलं," त्यांनी विचारलं, "अन् तिथनं पुढं तीन सालं भावकीच्या रानात वाढवलं, तर बेणं एकून किती सालं वाढलं?"

"पाच."

"सहा न्हाई?"

संपतरावांनी कोयता खाली ठेवला. "सहा कुठनं आली? दोन अन् तीन सहा व्हत्यात का? साळंत हेच शिकवत्यात का तुला?"

"अन् दोन्हीकडं वाण येगळं असलं तर?"

"मग कशाला काय लागू? एक वाण धापट देतं, एक आठपट देतं. त्यांची सालं एकात एक घालून चालत न्हाई."

झोपाळा थांबला होता. वैष्णवी चिंचेचं बोट तोंडात तसंच ठेवून ऐकत होती.

शालनबाई म्हणाल्या, "आता एकच सांगा. बेणं आणलंय अन् एकबी साल झालं न्हाई. शून्य सालं. तर किती गुंठ्याचं?"

"आणलं तेवढंच की, एक गुंठ्याचं. अजून लावलंच न्हाई, तर कुठं पळून जातंय ते?"

शालनबाई तुकडा हातात धरून बसल्या आणि मग त्यांना हसू आलं. त्या बराच वेळ हसत राहिल्या. शून्य सालं म्हणजे बेणं नाही असं नव्हतं. वाढ झाली नाही एवढंच, आणलेलं एक तर आपल्या हातात होतंच. वैष्णवीही हसायला लागली. संपतरावांनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं आणि आपली काहीतरी थट्टा चाललीय असं समजून ते पुन्हा तोडायला लागले. शालनबाईंनी त्यांना सांगितलं, की सरांना वर्षभर जमलं नाही ते तुम्ही आत्ता शिकवलंत. त्यावर ते म्हणाले, मग सरांना सांग लागणीला माणसं कमी पडत्यात.

चाचणीत शेवटचा प्रश्न असा होता: दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात, भागिले दोनचा सातवा घात. घातांकांचे नियम वापरून सोपे रूप द्या. शालनबाईंनी पाया पाहिला. सगळीकडे दोनच, वाण एक. तीन आणि चार सात. सातातून सात गेले. डोक्यावर शून्य आलं आणि सवयीने हात पुढे शून्य लिहायला निघाला. पेन कागदाला टेकलं, तिथे एक ठिपका उमटला. त्या थांबल्या. डोळ्यांपुढे ओसरीवरचं बेणं आलं, अजून न लावलेलं. त्या ठिपक्यालाच उभी रेघ जोडून त्यांनी एक लिहिला.

दुसऱ्या दिवशी सर एकेकीचा पेपर देत होते. कुणाला ते म्हणाले, बरं आहे, कुणाला म्हणाले, बरं व्हायला वाव आहे. शालनबाईंचा पेपर त्यांनी शेवटी ठेवला होता.

"सगळं बरोबर," ते म्हणाले. "पण 'दोनची शून्यावी घात बराबर एक.' नियम जमला, आपली घात काही बदलत नाही. मला आता खरंच जाणून घ्यायचंय, ही बाई आहे तरी कोण?"

शालनबाई उभ्या राहिल्या. आठवीतही त्या अशाच उभ्या होत्या. मग त्यांनी सांगितलं. पाऊस उघडणं, मुठीतलं ढेकूळ, लवकर नांगर घातला तर चिखल होतो आणि उशीर झाला तर फाळ शिरत नाही. आणि घात होती म्हणून घातांक बुडाला, तेही. या वेळी वर्ग हसला, पण आधी त्या स्वतः हसल्या होत्या.

सर ऐकत होते. त्यांनी खडूने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'घात, स्त्रीलिंगी'. थोडं लांब होऊन ते अक्षर पाहिलं.

"चांगला शब्द आहे," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हता. तरी परीक्षेत आपण पुल्लिंगीच लिहा. बोर्डाला शेती नाही." मग त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून दहावीचा फॉर्म काढला आणि स्वतः चालत त्यांच्या बाकापर्यंत आणून दिला.

शालनबाई खाली उतरल्या त्या कशा, ते त्यांना आठवत नाही. टिळक रस्त्यावर ही गर्दी, ढोल-ताशाचा सराव कुठेतरी चाललेला. एका दुकानाच्या पायरीवर थांबून त्यांनी घरी फोन लावला. वैष्णवीने उचलला.

"वैष्णवी, ह्यांना सांग, घात आली म्हणावं!" त्या ओरडून म्हणाल्या. पुढे काही बोलायच्या आत बस दिसली, म्हणून त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि धावल्या. बसमध्ये उभ्यानेच आल्या, फॉर्मची घडी पडू नये म्हणून तो पोटाशी धरून. पिशवीत फोन दोनतीनदा वाजला, पण हात मोकळा नव्हता.

हडपसरला उतरल्या तर समोर स्कूटरवर संपतराव. शालनबाईंना आधी काळजीच वाटली, कारण त्यांना घ्यायला ते आजवर कधी आले नव्हते.

"काय झालं? वैष्णवी बरी हाय ना?"

"बरी हाय. रडतीया." संपतरावांनी सावकाश सगळं सांगितलं. पोरगी रडत ओसरीवर आली, म्हणाली, बाबा, आईंचा घात झाला, नापास झाल्या, फोनही उचलत नाहीत, कुठे रस्त्यात बसल्या असतील. तेजसलाही तिने ऑफिसातून निघायला लावलं होतं. "मी म्हणलं, ती नेमकी काय म्हणाली ते सांग. घात झाला म्हणाली का घात आली म्हणाली? पोरगी म्हंती, त्यात काय फरक हाय, बाबा? म्हणलं, आठवून सांग. तवा म्हणाली, आली." संपतरावांनी किक मारली. गाडी लगेच सुरू झाली नाही. "म्हणलं, डोळं पूस. पास झालीया ती."

शालनबाई मागे बसल्या. फॉर्म त्यांनी दोघांच्या मधे धरला. वाटेत संपतरावांनी परीक्षा कधी तेवढं विचारलं आणि मार्चमधे आहे कळल्यावर म्हणाले, की तोवर उसाचं पाणी ते बघतील, तिने रानाकडे यायचं नाही.

वैष्णवी दारातच उभी होती. नाक लाल, हातात फोन. सासूला पाहिल्यावर तिने आधी मिठी मारली आणि मग चिडली. "आई, असं कुणी सांगतं का? घात आली म्हणे! मला काय माहीत तुमच्याकडे घात फीमेल असते!"

"हो, पण सर म्हंत्यात चुकीचं हाय. परीक्षेत तो म्हणायचं."

त्या आत येऊन टेकल्या. वैष्णवीने पाणी आणून दिलं, फॉर्म हातात घेऊन वाचायला लागली. शालनबाई पाणी पिता पिता एकदम थांबल्या.

"पोरी, तू काय म्हंतीस ग? दोनची तिसरी पॉवर, का दोनचा तिसरा पॉवर?"

"पॉवर?" वैष्णवीने मनातल्या मनात दोन्ही म्हणून पाहिलं. "तिसरी पॉवर. ती पॉवर."

"बघ," शालनबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "इंग्रजीतबी बाईच हाय. उद्या सरांना सांगते."